व्यापारतुटीला विरोध करणारा प्रत्येक जण व्यापारवादी असतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते काढून टाकले. ही सूट आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नंदुरबार, शहादा, तळोदा भागात कापूस घरात येण्याचे दिवस नेमके हेच. शुल्क परत लावा, बाहेरचा कापूस एवढा येऊ देऊ नका, अशी मागणी शेतकऱ्यांकडून झाली. अशी मागणी करणाऱ्यासाठी अर्थशास्त्रात शिकलेल्यांचे एक उत्तर ठरलेले असते: आयातीला आणि व्यापारतुटीला विरोध म्हणजे जुनापुराणा व्यापारवाद, तो अॅडम स्मिथनेच मोडीत काढला. एवढे म्हटले की चर्चा संपते आणि कापूसवाला शेतकरी अडाणी ठरतो.

अभ्यासवर्गात, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आणि चळवळीच्या बैठकांतही हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. म्हणून आम्ही येथे तो मुळापासून मांडत आहोत. आमचे उत्तर आधीच सांगतो: नाही. व्यापारतुटीला विरोध एवढ्यावरून कोणी व्यापारवादी ठरत नाही. विरोध कशासाठी आणि कोणासाठी आहे, हे पाहावे लागते. ते पाहण्याची उत्तम पद्धत आपल्याला बाबासाहेबांनी १९२३ मध्येच दाखवून दिली आहे.

व्यापारतूट म्हणजे काय?

देशाने बाहेरून घेतलेल्या मालाची किंमत बाहेर विकलेल्या मालापेक्षा जास्त झाली, की जो फरक उरतो ती व्यापारतूट. २०२४-२५ मध्ये भारताची मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर आणि आयात सुमारे ७२० अब्ज डॉलर होती. म्हणजे तूट सुमारे २८३ अब्ज डॉलरची.

पण हा अर्धाच हिशेब झाला. संगणक क्षेत्रासारख्या सेवा आपण बाहेर विकतो. त्यात त्याच वर्षी सुमारे १८९ अब्ज डॉलर शिल्लक पडले. शिवाय आखाती देशांत आणि इतरत्र राबणारे आपले लोक घरी पैसे पाठवतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ही रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. त्यामुळे मालाच्या तुटीचा आकडा एकटाच पुढे करून देश बुडाला म्हणणे चूक आहे. तूट म्हणजे काहीच नाही, असे म्हणणेही तितकेच चूक.

व्यापारवाद म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला मर्कंटिलिझम म्हणतात, तो सोळाव्या ते अठराव्या शतकातला युरोपातला विचार. इंग्लंडमधला टॉमस मन हा त्याचा प्रसिद्ध मांडणीकार. तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने याच धर्तीचे धोरण राबवले. या विचारातल्या मुख्य समजुती अशा:

१. देशाची संपत्ती म्हणजे तिजोरीतले सोने-चांदी. ते आणायचे तर विक्री जास्त आणि खरेदी कमी ठेवली पाहिजे.

२. व्यापारात एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा.

३. व्यापाराचा हेतू राजसत्तेचे बळ वाढवणे हा आहे.

४. निर्यातीचा माल स्वस्त पडावा म्हणून मजुरी कमी राहिलेली बरी. मजूर गरीब असला तरच राबतो, असे त्या काळचे अनेक लेखक उघडपणे लिहीत.

ही चौथी समजूत पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही. आपल्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. व्यापारवादात देश श्रीमंत आणि देशातला श्रमिक दरिद्री, ही विसंगती वाटतच नाही.

अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात यावर हल्ला चढवला. राष्ट्राची संपत्ती म्हणजे तिजोरी नव्हे, लोकांना वापरायला मिळणारा माल आणि तो निर्माण करणारे श्रम, हे त्याचे म्हणणे. ते आम्हालाही मान्य आहे. मात्र त्यातून तुटीवरची प्रत्येक तक्रार खोटी, असा निष्कर्ष निघत नाही.

पहिली ओरड आपल्याच कापडाविरुद्ध होती

तुटीवरून झालेली एक मोठी ओरड भारताच्या विरोधात होती. सतराव्या शतकात सुरत हे मोठे बंदर होते. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी व्यापारी वाट नंदुरबारवरून जायची. या वाटेने कापड, सूत आणि नीळ बंदराकडे जात होती. युरोपकडे आपल्याला विकण्यासारखा माल थोडा होता, म्हणून कंपनीला जहाजांतून चांदी आणावी लागे. इंग्लंडमध्ये आरडाओरडा झाला की हिंदुस्थान आपली चांदी गिळतो. १६२१ मध्ये टॉमस मनने कंपनीच्या बाजूने उत्तर दिले: एका देशाशी असलेली तूट पाहू नका. हिंदुस्थानचा माल आपण पुढे इतर देशांना विकतो, म्हणून एकूण हिशेब पाहा.

म्हणजे व्यापारवादाच्या या मोठ्या मांडणीकारालाही एकेका देशाशी असलेली तूट मोजत बसणे बालिश वाटत होते. आजही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या विणकर आणि लोकर व्यापाऱ्यांचे त्याने समाधान झाले नाही. १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून भारतीय छापील सुती कापडावर बंदी घातली गेली. त्या भिंतीआड इंग्लंडचा कापडधंदा वाढला आणि नंतर यंत्राचे कापड उलट आपल्याकडे आले. मग मात्र इंग्लंडला खुल्या व्यापाराचे प्रेम फुटले. १८८२ मध्ये भारतातली जवळजवळ सर्व आयात शुल्के काढली गेली. पुढे महसुलासाठी शुल्क लावावे लागले, तेव्हा मँचेस्टरच्या मालाला त्रास नको म्हणून १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. हा कर १९२५ पर्यंत चालू राहिला.

भारताची तक्रार उलटीच होती

दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत आपण परीक्षेपुरता वाचतो. त्यातली एक गोष्ट सहसा निसटते. इंग्रजी राज्यात भारताच्या परदेशी व्यापारात तूट नव्हती, शिल्लक होती. भारत घेत होता त्यापेक्षा जास्त माल बाहेर पाठवत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, खानदेशचा कापूस मोठ्या प्रमाणात इंग्लंडला गेला. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि नंदुरबारचा माल थेट सुरतेच्या बाजूला जाऊ लागला.

नुसता आकडा पाहिला तर हे वैभव वाटेल. दादाभाईंनी विचारले, जास्त गेलेल्या मालाच्या बदल्यात आले काय? इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शन, लंडनमधल्या कचेरीचा खर्च, रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, हे सारे त्या जास्तीच्या निर्यातीतून वळते होत होते. गेलेल्या मालाचा पुरता मोबदला परत येत नव्हता. म्हणजे दादाभाईंची तक्रार तुटीविरुद्ध नव्हती. ती शिलकीविरुद्ध होती.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. कच्चा माल पाठवायचा आणि पक्का माल घ्यायचा, यात देश शेतीवरच अडकून पडतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांना कारखाने हवे होते, सोन्याचा साठा नव्हे. त्यांच्या आधी महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती यंत्राच्या मालाने येथल्या कारागिरांचा धंदा कसा बुडाला हे लिहिले. पण जोतीराव तेथे थांबले नाहीत. शेतकऱ्याला सरकार लुटते, सावकार लुटतो आणि भटशाहीही लुटते, हे त्यांनी एकाच दमात सांगितले. परदेशी लूट दाखवताना घरची लूट झाकायची नाही, ही शिस्त आपल्याला त्यांच्याकडून मिळाली.

बाबासाहेबांचा प्रश्न

१९२३ मध्ये लंडनमध्ये बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७३ नंतर चांदीचा भाव पडत गेला आणि चांदीचा रुपयाही पडत गेला. रुपया स्वस्त झाला की भारताचा माल परदेशात स्वस्त पडतो आणि निर्यात वाढते. त्यामुळे घसरता रुपया देशाच्या फायद्याचा, असे मत निर्यातदार आणि गिरणीमालक यांच्यात होते. आजही हे मत वर्तमानपत्रांत वाचायला मिळते.

बाबासाहेबांनी विचारले की हा फायदा येतो कोठून. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: रुपया घसरला की देशात भाव वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मालकाला मिळणारा जादा नफा परदेशी माणूस देत नसतो. तो येथल्या मजुराच्या खऱ्या मजुरीतून कापला जातो. ज्याला देशाचा फायदा म्हटले जाते, तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला फायदा असतो.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देतानाही त्यांनी हीच बाजू धरली. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स की सहा पेन्स, यावर तेव्हा मोठा वाद होता. तो राष्ट्राभिमानाचा मुद्दा म्हणून लढवला जात होता. बाबासाहेबांनी तो व्यापारी वर्ग आणि मिळवता वर्ग यांच्यातला प्रश्न म्हणून मांडला.

हेच व्यापारवादाला दिलेले खरे उत्तर आहे. व्यापारवादी विचारतो, देशाला किती मिळाले? बाबासाहेब विचारतात, देशातल्या कोणाला मिळाले आणि कोणाकडून घेतले?

ओळखण्याच्या पाच कसोट्या

कोणी व्यापारतुटीला विरोध करत असेल, तर लेबल लावण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात.

पहिली: त्याच्या लेखी संपत्ती म्हणजे काय? परकीय चलनाचा साठा, की लोकांचे काम, शिक्षण आणि अन्न?

दुसरी: तो एकूण हिशेब पाहतो, की एकेका देशाशी असलेली तूट?

तिसरी: मोठी शिल्लकही त्याला खटकते का? केन्सने १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेच्या आधी एक योजना मांडली होती. तिच्यात सतत तुटीत असणाऱ्या देशाप्रमाणेच सतत शिल्लक साठवणाऱ्या देशावरही भार टाकायचा होता. अशी दोन्ही बाजूंची चिंता करणारा माणूस व्यापारवादी नसतो.

चौथी: तूट कशासाठी आणि कोणत्या पैशाने भागते, हे तो विचारतो का? यंत्रे आणण्यासाठी झालेली तूट वेगळी आणि उधारीवर चैन करण्यासाठी झालेली वेगळी. १९९१ मध्ये आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. असा प्रसंग येऊ नये म्हणून काळजी करणे हा शहाणपणा आहे.

पाचवी, बाबासाहेबांची: तूट कमी करण्याची किंमत कोण मोजणार?

कसोट्या लावून पाहू

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी देशोदेशींवर शुल्क जाहीर केले. त्याचे गणित असे होते: त्या देशाशी असलेली मालाची तूट भागिले त्या देशाकडून झालेली आयात, आणि त्याच्या निम्मे. भारताच्या वाट्याला २६ टक्के आले. सेवांचा व्यापार हिशेबात धरलाच नव्हता. एकेका देशाशी तूट मोजायची आणि तूट म्हणजे लूट समजायची, हा व्यापारवादच आहे. तोही टॉमस मनच्या एक पायरी खालचा. ऑगस्टअखेर भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क झाले. त्यातला अर्धा वाटा रशियाकडून तेल घेतल्याबद्दलचा होता.

आता आपल्या घरातले उदाहरण. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. दिवाळी आली की चिनी माळा फोडा, चिनी माल जाळा, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यात आपली मुलेही सामील होतात. या तुटीत फोनचे सुटे भाग, यंत्रे आणि औषधांचा कच्चा माल मोठा आहे. त्यावर येथले कारखाने चालतात. रस्त्यावर माळा विकणाऱ्या गरीब विक्रेत्याला धमकावून यातले काहीच बदलत नाही. ही भूमिका दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कसोटीवर नापास होते. याउलट औषधांच्या कच्च्या मालासाठी एकाच देशावर अवलंबून राहू नये, तो येथे बनावा आणि त्यात येथल्या तरुणांना काम मिळावे, असे म्हणणारा व्यापारवादी नाही.

नंदुरबार जिल्ह्याचा हिशेब

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. जिल्ह्याला आयात शुल्क नसते, त्याची व्यापारतूटही कोणी मोजत नाही. तरी विषय समजून घ्यायला हे उदाहरण उपयोगी पडते.

येथून कापूस, मिरची, पपई, केळी बाहेर जातात. धडगावचे आमचूर आणि मोहफुले जातात. बाहेरून तेल, कापड, खत, मोबाइल, औषधे येतात. घरखर्च भागला नाही की माणूसच बाहेर जातो. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, नवापूरकडच्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत आणि इतर जिल्ह्यांत जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते.

या घरांनी किराणा दुकानदाराशी तूट आहे म्हणून तेल-मीठ बंद करावे, असे कोणी म्हणणार नाही. तेवढ्यापुरते अॅडम स्मिथचे बरोबर आहे. पण जी तूट उचल घेऊन भागते आणि फेडण्यासाठी सहा महिने मुलांची शाळा सोडून फडावर राहावे लागते, ती निव्वळ आकडा नाही. ती माणसाला बांधून घेते. दुसऱ्या घराने कर्ज काढून विहीर खणली, तर तूट त्याचीही झाली, पण पुढच्या वर्षी त्याच्याकडे पाणी असेल. दोन्ही घरांची वही सारखी दिसेल, आयुष्य सारखे नसेल. चौथ्या कसोटीचा अर्थ हाच आहे.

मग कापसाचे काय?

शुल्क काढल्यावर बाहेरची रुई स्वस्त पडते आणि गिरणी येथल्या कापसाला त्याहून जास्त भाव देत नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. बाजार त्याखाली गेला तर सीसीआयने खरेदी करायची असते. त्यासाठी नोंदणी, आधार आणि सातबारा लागतो. कापसात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ज्याची जमीन बटाईची, किंवा ज्याच्या घरात कापूस साठवायला जागा नाही आणि देणेकरी दारात आहे, तो खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावाने देऊन मोकळा होतो. शुल्काच्या निर्णयाचा फटका सर्वांत आधी याला बसतो.

म्हणून शुल्क मागणारा शेतकरी व्यापारवादी नाही. त्याला देशाच्या तिजोरीत डॉलर साठवायचे नाहीत. त्याला केलेल्या कष्टाचा खर्च निघायला हवा आहे. श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देतात आणि त्या अनुदानाच्या कापसाशी त्याची स्पर्धा लावली जाते.

पण पाचवी कसोटी आपल्या बाजूलाही लावली पाहिजे. सूत महागले तर शिवण कारखान्यातल्या कामगाराचे काम जाऊ शकते, आणि तोही आपल्याच माणसांपैकी आहे. तूरडाळीचेही तसेच. २०२१ पासून तुरीच्या आयातीला निर्बंधमुक्त वाट दिली गेली. त्याने तूर पिकवणाऱ्याचा भाव पडतो. पण तळोद्याचा शेतमजूर तूर विकत नाही, विकत घेतो. शुल्क वाढवून सगळेच भले होईल, असे म्हणणे सोपे आहे, खरे नाही. आमच्या मते मागणी अशी असावी: कापूस बाजारात येण्याच्या महिन्यांत शुल्क हटवू नये. बटाईदारालाही हमीभाव मिळावा. जिनिंगच्या पुढची कामे, सूत आणि कापड, जिल्ह्यात यावीत. आणि मजुरी भावाबरोबर वाढावी. शेवटची अट नसेल तर पहिल्या तिन्हींचा फायदा पुन्हा वरच्या वर्गाकडे जाईल.

तिजोरी आणि बियाणे

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात तथागतांनी एका राजाची गोष्ट सांगितली आहे. त्याची तिजोरी भरलेली होती आणि त्याला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहिताने त्याला सल्ला दिला की राज्यात चोऱ्या आणि लूट चालू आहे, ती कर लादून किंवा शिक्षा करून थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बियाणे आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे नोकरी करतात त्यांना वेतन द्या. व्यापार वाईट आहे, असे या उपदेशात कोठेही नाही. व्यापाऱ्याला भांडवल द्यायला सांगितले आहे. पण राज्याची भरभराट केवळ तिजोरीवरून मोजलेली नाही. माणूस आपल्या कामात गुंतला आहे का, घराला कुलूप न लावता निर्धास्त राहतो का, यावरून मोजली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी व्यापारतुटीवर बोलला आणि दुसऱ्याने त्याला व्यापारवादी म्हटले, तर दोघांनाही थांबवा आणि पाच प्रश्न विचारा. पाचवा प्रश्न आधी विचारला तरी चालेल.

जय भीम. नमो बुद्धाय.